दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटला आहे. मग दिसणाऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी का?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सुटल्याचे निदान या आठवड्यात झाले आहे. घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला आहे, म्हणून जाणकारांना आणि या अनुभवातून गेलेल्यांना विचारावे असे वाटले.

भाऊ ३४ वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून त्याला जाड भिंगांचा चष्मा आहे. सध्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ११ आणि डाव्याचा उणे १३ आहे. श्री शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत दुकानात तो दिवाणजी आहे. सौद्याचे आकडे उतरवून घेणे आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या तयार करणे, हे त्याचे दिवसभराचे काम. वहीतल्या आखलेल्या रेघा डाव्या डोळ्याला मध्येच वाकलेल्या दिसतात, असे तो गेल्या महिन्यापासून म्हणत होता. पुढे त्याच डोळ्यासमोर वरच्या बाजूने सावली उतरू लागली आणि आता त्या डोळ्याने समोरच्याची बोटेही अगदी जवळ आणल्याशिवाय मोजता येत नाहीत. दुखणे, लाली, पाणी येणे यांपैकी काहीच नव्हते, त्यामुळे नंबर वाढला असेल असेच सर्वांना वाटत होते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी झाली, तेव्हा उजव्या डोळ्याचा पडदाही खालच्या भागात सुटलेला निघाला. त्या डोळ्याने त्याला चष्म्यासह आजही व्यवस्थित वाचता येते आणि त्याबद्दल त्याची कसलीही तक्रार नव्हती. डॉक्टरांचे म्हणणे असे की, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन दिवसांत करावी आणि डाव्याची त्यानंतर आठवडाभराने. उजव्या डोळ्याला बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवणार आहेत, तर डाव्या डोळ्याच्या आतले जेल काढून त्यात सिलिकॉनचे तेल भरणार आहेत.

आमच्या वडिलांना हेच पटत नाही. ज्या डोळ्याने दिसत नाही तो सोडून, ज्याच्या जोरावर तो वाचतो-लिहितो त्या डोळ्याला आधी हात का लावायचा, आणि त्यात काही बिघडले तर मुलाचे दोन्ही डोळे जातील, अशी त्यांना धास्ती वाटते. काही नातेवाईक थोडे दिवस औषधाचे थेंब घालून पाहा म्हणतात, काही जण मुंबईला नेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या म्हणतात. एकाच आजारासाठी दोन डोळ्यांना दोन वेगळ्या शस्त्रक्रिया कशासाठी, हेही आम्हाला कळलेले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १ (दृष्टिपटल शल्यचिकित्सक, मिरज)

ताई, तुमच्या भावाचे डोळे मी तपासलेले नाहीत, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. मात्र तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून डॉक्टरांनी आखलेला क्रम मला योग्य वाटतो, आणि वडिलांची शंका अगदी स्वाभाविक असल्यामुळे त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा एक लहानसा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सगळी बारीक नजर त्या एवढ्याशा जागेतून येते. मॅक्युलाच्या अगदी मध्यबिंदूला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण पूर्णपणे मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून होते. पडदा त्या थरापासून सुटला की हे पोषण तुटते आणि तिथल्या पेशी हळूहळू मरू लागतात. मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून कोणत्याही सुटलेल्या पडद्याबाबत आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो की, मॅक्युला अजून जागेवर आहे की सुटला आहे.

तुमच्या भावाच्या डाव्या डोळ्याचा मॅक्युला सुटलेला आहे आणि त्याला काही आठवडे झालेले दिसतात. रेघा वाकड्या दिसू लागल्या, तेव्हाच पाणी मॅक्युलापर्यंत पोहोचले असावे. त्या डोळ्याचे जे नुकसान व्हायचे ते बऱ्याच अंशी होऊन गेले आहे आणि आणखी एका आठवड्याने त्यात फार मोठा फरक पडणार नाही. उजव्या डोळ्याचा मॅक्युला मात्र अजून चिकटलेला आहे. पाणी तिथे पोहोचण्याआधी पडदा बसवता आला, तर आजची नजर टिकण्याची शक्यता फार चांगली असते, आणि एकदा ते पोहोचले की शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली तरी पूर्वीसारखी नजर मिळेल याची खात्री देता येत नाही. वडिलांना एवढेच सांगा की, ज्या डोळ्याकडे वाचवण्यासारखे सर्वांत जास्त आहे, त्याच डोळ्याची घाई आहे. उजवा डोळा आज दिसतो म्हणून सुरक्षित आहे, असे नाही.

आता दोन वेगळ्या शस्त्रक्रियांविषयी. या प्रकारात पडद्याला आधी छिद्र पडते किंवा तो फाटतो, आणि डोळ्यातले पाणी त्या छिद्रातून पडद्याच्या मागे शिरते. गिलाव्याला भेग पडून पावसाचे पाणी आत गेले की गिलावा फुगून भिंतीपासून सुटतो, तसाच हा प्रकार. मोठा उणे नंबर असलेला डोळा लांबीला जास्त असतो, त्यामुळे पडदा ताणला जाऊन कडेला पातळ होतो. या पातळ पट्ट्यांना लॅटिस म्हणतात आणि त्यांत बारीक गोल छिद्रे पडतात. तरुण वयात डोळ्यातले जेल अजून घट्ट असते आणि पडद्याला धरून असते, म्हणून अशा छिद्रांमागे पाणी फार संथपणे साठते. हा पडदा बहुधा खालच्या भागात सुटतो आणि महिनोन्महिने कळतही नाही. दोन्ही डोळ्यांची ठेवण सारखीच असल्यामुळे दुसऱ्या डोळ्यातही तीच छिद्रे सापडतात. उजव्या डोळ्याची तक्रार नसताना त्यात आजार निघाला, याचे कारण हेच आहे.

छिद्र बंद झाल्याशिवाय पडदा बसत नाही, हे सत्य स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ या नेत्रशल्यचिकित्सकांनी १९२० च्या दशकात सिद्ध केले. त्याआधी हा आजार म्हणजे अंधत्व असेच समजले जाई. आजची प्रत्येक पद्धत त्यांच्या त्याच तत्त्वावर उभी आहे. फक्त छिद्र बंद करण्याचे मार्ग वेगळे झाले आहेत.

उजव्या डोळ्यात बाहेरून, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सिलिकॉनची पट्टी टाक्यांनी बसवतात. तिला बकल म्हणतात. तिच्या दाबाने डोळ्याची भिंत आत सरकते आणि छिद्राला टेकते, तर क्रायोने, म्हणजे गोठवून, छिद्राभोवती कायमचा व्रण तयार केला जातो. यात डोळ्याच्या आतले जेल आणि नैसर्गिक भिंग यांना धक्का लागत नाही. तरुण रुग्ण, घट्ट जेल आणि खालच्या भागातली गोल छिद्रे असतील, तर मी स्वतःही बकलच निवडेन. पट्टी आयुष्यभर आतच राहते आणि वरून दिसत नाही. तिच्यामुळे डोळा किंचित लांबतो आणि उणे नंबर साधारण एक ते तीनने वाढू शकतो, याची कल्पना भावाला आधीच द्यावी. क्वचित काही दिवस एकाची दोन दिसतात; पट्टी उघडी पडणे किंवा तिथे जंतुसंसर्ग होणे हे त्याहून क्वचित घडते.

डाव्या डोळ्यात पडदा बराच काळ सुटून राहिला आहे. अशा वेळी त्याच्या पृष्ठभागावर पातळ, आकसणारा पापुद्रा धरतो आणि पडदा चुण्या पडल्यासारखा कडक होतो. केवळ बाहेरच्या दाबाने तो सरळ होत नाही. त्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक अशी तीन छिद्रे करून आत जावे लागते, जेल काढावे लागते, पापुद्रे सोलावे लागतात आणि लेसर करून तेल किंवा वायू भरावा लागतो. याला व्हिट्रेक्टमी म्हणतात. रॉबर्ट मॅकेमर यांनी अमेरिकेत मायामी येथे १९७० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. पापुद्रे असलेल्या डोळ्यात तेलाचा आधार जास्त काळ मिळावा म्हणून तेल निवडले असावे.

यशाविषयी स्पष्ट बोलायला हवे. साध्या प्रकारात दहापैकी आठ ते नऊ डोळ्यांत पहिल्याच शस्त्रक्रियेत पडदा बसतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत दुसऱ्या खेपेला बसतो. पापुद्रे धरलेल्या डोळ्यात हे प्रमाण कमी असते. शिवाय पडदा बसणे आणि नजर परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाव्या डोळ्यात वावरण्यापुरती नजर आली, कडेचे दिसू लागले, तरी ते मोलाचे आहे. बारीक अक्षर वाचता येईलच, असे मी म्हणणार नाही.

थेंबांबद्दल एकच वाक्य लिहितो: छिद्रामुळे सुटलेला पडदा कोणत्याही पॅथीच्या थेंबाने, गोळीने किंवा पथ्याने बसत नाही. दुसरे मत घेण्यास माझी मुळीच हरकत नाही. ते कोल्हापुरात, सांगलीत किंवा मिरजेत एका दिवसात मिळते. मुंबईची वेळ मिळवण्यात आठवडा जाणार असेल, तर निदान उजव्या डोळ्यासाठी थांबू नका.

दोन्ही डोळे एकाच दिवशी का करत नाहीत, हेही तुमच्या मनात आले असेल. जंतुसंसर्गाचा धोका अगदी थोडा असला तरी तो दोन्ही डोळ्यांना एकदम पत्करायचा नसतो, आणि माणसाला घरात वावरण्यासाठी एक डोळा उघडा लागतो.


उत्तर २ (निवृत्त शिक्षक, देवगड तालुका, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया कोल्हापुरात)

ताई, डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे. मी रुग्णाच्या बाजूने लिहितो, कारण माझ्याही दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. फक्त ते एकदम नव्हे, तर काही वर्षांच्या अंतराने.

माझे वय तुमच्या भावापेक्षा बरेच जास्त असल्याने सुरुवातही निराळी झाली. अंधारात डोळा फिरवला की कडेला वीज चमकल्यासारखी दिसे, मग एका सकाळी काळे ठिपके आणि जाळी तरंगू लागली आणि संध्याकाळपर्यंत नाकाच्या बाजूने काळोख सरकू लागला. उतारवयात डोळ्यातले जेल आकसून पडद्यापासून सुटते आणि सुटताना कधी कधी पडदा फाडते, असे मला तेव्हा समजावून सांगण्यात आले. चमक आणि नवे ठिपके दिसले की त्याच दिवशी तपासणी करायची असते, ही गोष्ट मी त्यानंतर भेटेल त्याच्या कानावर घालत आलो आहे.

पहिल्या डोळ्यात तेल भरले होते. त्यानंतर मला पालथे राहण्यास सांगितले होते, आणि तोच काळ सर्वांत कठीण गेला. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर तरंगते. चेहरा खाली असेल, तर ते मागच्या पडद्याला टेकून राहते. भावाला कोणत्या कुशीवर किंवा कशा स्थितीत ठेवायचे हे छिद्र कुठे आहे यावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. आमच्याकडे सौभाग्यवतींनी दोन लोड त्रिकोणात लावून मध्ये तोंडापुरती फट ठेवली होती. कपाळ एका लोडावर आणि छाती गोधडीच्या घडीवर टेकली की डोळ्यावर दाब येत नसे आणि श्वासही कोंडत नसे. बसायचे असेल, तेव्हा टेबलावर हात दुमडून त्यावर कपाळ टेकत असे. जेवणाचे ताट मांडीजवळ पाटावर ठेवत आणि पाणी नळीने पीत असे. मान आणि खांदे फार भरून येतात. तासाभरात दहा मिनिटे उठून, मान खालीच ठेवून, चार पावले चालण्याची मुभा मला होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच ही मांडणी घरी करून पाहिली, तर भावाला सोपे जाईल.

दुसऱ्या डोळ्यात तेलाऐवजी वायू भरला होता. वायूचा बुडबुडा विरत जातो तशी नजरेसमोर वरून खाली उतरत जाणारी पाण्याच्या पातळीसारखी रेषा दिसते, आणि रेषेच्या वरचे स्पष्ट, खालचे धूसर असते. त्याचे भय बाळगू नये. पण एका गोष्टीची मला आधी कल्पना नव्हती: वायू असेपर्यंत विमानाने जायचे नसते आणि उंचावरही चढायचे नसते, कारण हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि आमचे गाव किनाऱ्यालगत. खाली उतरायला फारशी अडचण नव्हती, पण फेरतपासणीसाठी पुन्हा करूळ घाट चढून गगनबावड्याला यावे लागले असते. म्हणून डॉक्टरांनी बुडबुडा विरेपर्यंत मला कोल्हापुरातच बहिणीकडे ठेवले. तुमच्या भावाच्या डोळ्यात तेल भरणार असल्याने हा प्रश्न येणार नाही. परंतु ऐन वेळी आत गेल्यावर तेलाऐवजी वायू वापरला गेला, तर हे ध्यानात असावे.

आज एका डोळ्याने मी वर्तमानपत्र वाचतो. दुसऱ्या डोळ्याने अक्षर लागत नाही, पण जिन्याच्या पायऱ्या आणि रस्त्याची कड कळते. हा दुसरा डोळा निरुपयोगी आहे, असे मला कधीच वाटले नाही.


उत्तर ३ (इचलकरंजी)

माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधुमेहामुळे ओढले गेले होते. तिला छिद्र नव्हते. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिल्याने पडद्यावर नवीन, नाजूक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत पापुद्रे धरले होते, आणि त्या पापुद्र्यांनी पडदा ओढून उचलला होता. तिला शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात इंजेक्शन दिले गेले आणि मग व्हिट्रेक्टमी झाली. एका डोळ्यात आधी रक्तस्राव झाला होता, तो निघाल्यावर तिला चांगले दिसू लागले. दुसऱ्यात मॅक्युलाच ओढला गेला होता, तिथे फार सुधारणा झाली नाही. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांनी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यावा, कारण नजर चांगली असतानाच लेसर करता आला तर पुढचे बरेच टळते. ताईंच्या भावाचा प्रकार वेगळा आहे, हे मला कळते. तरीही दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटला असे ऐकले की इथे येणारे काही जण याच कारणाचे असतील, म्हणून लिहिले.


उत्तर ४ (नेत्र विभागातील परिचारिका, कोल्हापूर)

वरच्या उत्तरांत जोड म्हणून खर्चाविषयी आणि घरच्या काळजीविषयी लिहिते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि तिच्या यादीत डोळ्यांच्या पडद्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मात्र प्रत्येक खाजगी रुग्णालय योजनेत नसते. तुमचे रुग्णालय योजनेत आहे का, बकल आणि व्हिट्रेक्टमी या दोन्ही तिथे योजनेतून होतात का, तेलाचा आणि ते काढण्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यात धरला आहे का, आणि मंजुरीला किती वेळ लागेल, हे चार प्रश्न तिथल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, आजच विचारा. जाताना भावाचे रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. कोणाला विचारावे हेच सुचत नसेल, तर आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर चौकशी करावी.

घरी आल्यावर थेंब घालण्याआधी हात साबणाने धुणे, बाटलीचे टोक पापणीला न लावणे आणि दोन थेंबांमध्ये पाच मिनिटे जाऊ देणे, एवढे कसोशीने पाळा. अंघोळ खांद्याखालून घालावी. केस धुवायचे झाल्यास मान मागे करून दुसऱ्याने धुवावेत. पापण्या सुजणे, डोळा लाल राहणे, खुपणे हे बकलनंतर काही दिवस असतेच. पण वेदना असह्य होत असेल, उलट्या होत असतील, नजर अचानक कमी झाली किंवा पू दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. डोळ्यातला दाब वाढला असल्यास तो काही तासांतच नुकसान करतो.


प्रश्नकर्तीचे पुढचे निवेदन

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. पहिले उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. सुटलेला मॅक्युला आणि न सुटलेला मॅक्युला यांतला फरक त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःच संमतीपत्रावर सही केली. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली, त्यानंतर डाव्या डोळ्याचीही झाली. लोडांची मांडणी आम्ही सरांनी सांगितली तशीच केली होती.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उजव्या डोळ्याच्या फेरतपासणीत पडद्यामागे खालच्या बाजूला अजून थोडे पाणी आहे, असे सांगितले आहे. डॉक्टर थांबू म्हणतात, पण शस्त्रक्रिया होऊनही पाणी कसे राहिले, याने भाऊ अस्वस्थ आहे. दुसरे म्हणजे डाव्या डोळ्यातले तेल कधी काढतात, आणि ते आतच राहिले तर काय होते? तिसरा प्रश्न भावाच्या मुलाचा आहे. तो दहा वर्षांचा आहे, त्याचा नंबर आताच उणे ५ आहे आणि तो रोज पहाटे पेठेतल्या तालमीत कुस्तीच्या सरावाला जातो. त्याने कुस्ती खेळावी की नाही?


उत्तर १ देणाऱ्या डॉक्टरांचे पुढचे उत्तर

ताई, दोन्ही शस्त्रक्रिया वेळेत पार पडल्या, हे वाचून बरे वाटले.

उजव्या डोळ्यातल्या पाण्याविषयी: जुनाट, संथपणे सुटलेल्या पडद्यामागचे पाणी घट्ट झालेले असते. बकल बसवताना ते बाहेर काढले नसेल किंवा थोडेच काढले असेल, तर छिद्र बंद झाल्यावर डोळा ते स्वतः शोषून घेतो. त्याला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. पाहण्याच्या गोष्टी दोनच आहेत: छिद्र पट्टीच्या उंचवट्यावर नीट टेकले आहे ना, आणि पाण्याची कड मॅक्युलाकडे सरकत नाही ना. या दोन्ही ठीक असतील, तर थांबणे हाच उपचार आहे. भावाने रोज एकदा डावा डोळा तळहाताने झाकून उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन पाहावेत. रेघ वाकलेली दिसली किंवा वरच्या बाजूने सावली आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

तेल साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी काढतात. ते जास्त काळ राहिले, तर त्याचे बारीक थेंब सुटे होतात, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, खराब होऊ शकते आणि मोतीबिंदू तर बहुतेकांना होतोच. दुसऱ्या बाजूला, तेल काढल्यावर काही डोळ्यांत पडदा पुन्हा सुटतो, म्हणून काढण्यापूर्वी पडदा सर्व बाजूंनी घट्ट बसला आहे याची खात्री केली जाते. ज्या डोळ्यात तेलावाचून पडदा टिकणारच नाही असे दिसते, तिथे धोके पत्करून ते आतच ठेवण्याचा निर्णयही घ्यावा लागतो. तेल असेपर्यंत त्या डोळ्याचा नंबर अधिकच्या बाजूला बराच सरकतो, त्यामुळे जुन्या चष्म्याने धूसर दिसले तर घाबरू नये आणि त्या डोळ्यासाठी महागाचे भिंगही आत्ताच करू नये. उजव्या डोळ्याचा नवा नंबर मात्र दोन-तीन महिन्यांनी काढून घ्यावा. अडत दुकानात परत कधी जायचे, हे त्याच नजरेवर ठरेल. लिहिण्या-वाचण्याने किंवा संगणकाने पडदा सुटत नाही, म्हणून कामाची धास्ती नको. दुचाकी मात्र डॉक्टर सांगेपर्यंत चालवू नये. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत एवढा फरक असताना अंतराचा अंदाज चुकतो.

मुलाच्या बाबतीत मी आग्रहाने सांगतो. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटला आहे आणि मुलाला दहाव्या वर्षी उणे ५ नंबर आहे, एवढे कारण त्याच्या पडद्याची कडेपर्यंत तपासणी करण्यास पुरेसे आहे. ही तपासणी चष्म्याच्या दुकानात होत नाही. थेंब घालून, डोक्यावर लावायच्या उपकरणाने, पडद्याच्या डॉक्टरांनीच ती करायची असते. त्याला ऐकू कमी येते का, टाळूत फट होती का, सांधे नेहमीपेक्षा जास्त लवचिक आहेत का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण या गोष्टी एकत्र आढळल्या तर काही आनुवंशिक आजारांत पडदा लहान वयातच सुटतो आणि अशा मुलांचा पाठपुरावा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. छिद्रे किंवा धोकादायक पातळ जागा सापडल्या, तर त्यांच्याभोवती लेसर करता येतो. तो पाच-दहा मिनिटांचा असतो. त्याची पकड पूर्ण घट्ट होण्यास दोन आठवडे लागतात.

कुस्तीविषयी माझे मत असे आहे: तपासणी होईपर्यंत त्याला झोंब्या खेळायला लावू नका. जोर, बैठका, दोरखंड चढणे याला माझी हरकत नाही. व्यायामाच्या श्रमाने पडदा सुटत नाही. कोपर, गुडघा किंवा डोके डोळ्यावर बसून होणाऱ्या मुक्या माराचे भय आहे, आणि कुस्तीत डोळ्याला संरक्षण देणारा चष्मा घालता येत नाही. तपासणीत पडदा निर्दोष निघाला, तरी नंबर वर्षागणिक वाढत असेल, तर मी त्याला अंगाला अंग न भिडणाऱ्या खेळाकडे वळवेन. कोल्हापुरात हे मुलाला आणि त्याच्या वस्तादांना सांगणे सोपे नाही, हे मला माहीत आहे; हवे असल्यास वस्तादांनाच तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर सांगवा. नंबर वाढण्याचा वेग मंदावणारे सौम्य मात्रेचे ॲट्रोपीनचे थेंबही असतात. ते त्याला द्यावेत का, हे त्याच भेटीत विचारा.

तपासणीच्या थेंबांमुळे मुलाला काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळचे वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे शाळेची परीक्षा नसेल असा दिवस निवडा आणि उन्हासाठी टोपी बरोबर ठेवा.